परत आलेला नारळ

आज कपाट उघडताना नारळ घरंगळला, लाकडी फळीवर ठक्कन आपटला, आणि मी दहा-बारा वर्षांपूर्वीच्या हॅम्बुर्गच्या त्या कालव्यावर जाऊन उभी राहिले.

नारळी पौर्णिमा होती. माझे धाकटे दीर मालवाहू जहाजावर होते आणि आठवडाभर त्यांचा फोन नव्हता. मुरुडहून आमच्याकडे आलेल्या सासूबाई म्हणाल्या, समुद्र नाही तर कालवा चालेल. जुन्या गोदामांखालच्या लाकडी धक्क्यावर शेवाळाचा आणि डिझेलचा वास होता. पाण्यात काही टाकलं म्हणून कुणी हटकेल, अशी मला धास्ती. त्यांनी नारळ सोडला. तो थोडा पुढे गेला आणि परत येऊन धक्क्याच्या खांबावर आपटू लागला. ठक. ठक.

"अहो आई, घरी जाऊ या ना."

"इथेही भरती असते ना? पाणी फिरलं की जाईल तो."

बऱ्याच वेळाने पाणी फिरलं. नारळ पुलाखालून दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी दिरांचा फोन आला.

केवढा सासूबाईंचा विश्वास, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज नारळ उचलताना आठवलं, त्यांनी पाण्याला हात जोडलेच नव्हते. दोन्ही हातांनी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.