शकूच्या अंगणातली हिरवी मशीन

शकूचा भाऊ दारात उभा राहिला तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. शहापूरहून तुमसरला येणारा माणूस बहुधा धानाच्या बाजारासाठीच येतो, म्हणून मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, यंदा पीक कसं आहे ते विचारलं. तो पाणी प्यायला, पेला खाली ठेवला आणि पेल्याकडेच बघत म्हणाला, "ताई, आमची शकू गेली." आदल्या दिवशी दुपारी तिच्या छातीत दुखायला लागलं होतं, भंडाऱ्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळी तिला स्मशानात पोहोचवून तो तसाच बस धरून माझ्याकडे आला होता. मला ही बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, असं शकूच्या मुलीनं, छायानं, त्याला बजावलं होतं. तो गेल्यावर मी पुन्हा सूप हातात घेतलं. तिला शेवटचं बघायचं राहून गेलं, एवढंच मनात येत होतं.

सत्तरच्या दशकात आम्ही दोघी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये शेजारी होतो. माझे यजमान आणि शकूचे यजमान मनोहर दोघेही फॅक्टरीत कारकून. सकाळी बस पुरुषांना घेऊन गेली की कॉलनी आमची. दोन्ही क्वार्टरची भिंत एक होती आणि पुढची मोकळी जागाही एकच, मध्ये कुंपण नव्हतं. मी तुमसरच्या राइस मिलवाल्यांची मुलगी, ती शहापूरच्या शेतकऱ्याची. माझ्याहून लहान, उंच, हसली की भिंतीपलीकडून ऐकू येणारी. मनोहरचं नाव ती कधी घ्यायची नाही. त्यांच्या घरी बुद्धवंदना व्हायची, जुन्या रूढी त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या, पण ही एक सवय तिच्या आईकडून आली होती. ती 'छायाचे बाबा' म्हणायची. एकदा माझ्या सासूबाई राहायला आल्या होत्या. शकूनं पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही, उपास आहे म्हणाल्या. शकू काय समजायचं ते समजली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच आमच्याकडे आली, पाटावर बसली आणि सासूबाईंना म्हणाली की आज तुमच्या हातचा चहा प्यायला आले. सासूबाईंनी करून दिला. परत जायच्या दिवशी त्या शकूच्या घरी जाऊन चहा पिऊन आल्या. यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

त्या दिवसांत एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी सामान विकायला काढलं. लोकांनी पंखे घेतले, कपाटं घेतली. मनोहरनं घेतली ती गवत कापायची मशीन, पेट्रोलवर चालणारी, दोरी ओढून सुरू करायची. हातगाडीवरून ती उतरली तेव्हा सगळी लाइन बघायला बाहेर आली होती. आमच्याकडे गवत कापायला विळा असतो, नाहीतर दारात गाय असते. कापून फेकून देण्यासाठी गवत वाढवायचं आणि त्याला मशीन घ्यायची, हे कोणाच्या डोक्यातच शिरेना. मनोहर मात्र खुशीत होता. साहेबांच्या बंगल्यावरून रोज सायकलनं जाताना तो ती हिरवळ बघत आला होता. आपल्याही दारापुढे तशी असावी, हिवाळ्यातल्या संध्याकाळी तिच्यावर चटई टाकून बसावं, छायानं अनवाणी पळावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्यानं जागा खणून हरळी लावली. मशीन गंजली होती, तर एका रविवारी घासून-पुसून तिला हिरवा ऑइलपेंट दिला... चाकांच्या कडांपासून टाकीच्या झाकणापर्यंत, एक जागा सोडली नाही. शकू डबा धरून बाजूला उभी होती आणि तो सारखा मागे सरकून बघत होता.

साहेबांच्या माळ्यानं ती मशीन सुरू करून दाखवली होती. मनोहरकडे उन्हाळाभर ती नुसती उभी राहिली, कारण गवतच नव्हतं. पावसाळ्यात हरळी वाढली तेव्हा त्यानं दोरी ओढली, तर काही नाही. पुन्हा ओढली. घामानं ओला होईपर्यंत ओढत राहिला. शेजारीपाजारी हसले, तोही हसला. पुढच्या रविवारी मेकॅनिककडे नेऊ म्हणाला, पण त्याआधीच त्याला कावीळ झाली. अंगणातली मशीन दिसावी म्हणून खाट खिडकीशी ओढायला लावायचा. बरं वाटलं की पहिलं काम तेच, असं मला म्हणाला होता. पोळ्याच्या आधीच तो गेला. छाया तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती.

शकूला त्याच्या जागी ऑफिसात नोकरी मिळाली. सकाळच्या बसला आता ती जाऊ लागली. माझ्यासमोर तरी ती रडली नाही. फक्त तिचा तो भिंतीपलीकडून येणारा आवाज बंद झाला. मी भाजीची वाटी घेऊन गेले की ती वाटी घ्यायची, रिकामी करून धुवून द्यायची, आणि मी ती घेऊन परत यायची. पुढची जागा गुडघाभर वाढली. एक दिवस तिथं साप निघाला. तेव्हा तिचा भाऊ विळा घेऊन आला, सोबत मशीन न्यायला भंगारवाल्यालाही घेऊन आला. तिनं गवताला विळा लावू दिला नाही. भावाला ती एवढंच म्हणाली, "एकदा चालू होऊ दे. मंग ने तुले न्याची तिथं."

भाऊ गेल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मला इंजिनातलं काय कळणार? पण मी मिलमध्ये वाढलेली. तिथलं मोठं इंजिन बिघडलं की म्हातारा मिस्त्री आधी हेच विचारायचा की याला खायला मिळते का, आणि श्वास घेता येते का. बाकी सारं नंतर. मी ते शकूला सांगितलं. ती त्या दिवशी पहिल्यांदा जराशी हसली.

मग सगळा हिवाळा रविवारी सकाळी आम्ही दोघी त्या मशीनपाशी बसलो. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला वार्निशसारखा वास सुटला होता. नवं आणून भरलं. दोरी ओढली, काही नाही. आमच्या ह्यांनी पान्हा आणून दिला आणि प्लग कसा काढायचा ते दाखवलं. प्लग काजळीनं काळा झाला होता. तो घासून इंजिनाला टेकवून धरला, तिनं दोरी ओढली, आणि निळी ठिणगी उडाली. आम्ही दोघी एकदमच मागे सरकलो. ठिणगी होती, तरी मशीन गप्पच. दुसऱ्या रविवारी शकूच्या लक्षात आलं की इतकं ओढूनही प्लग कोरडाच राहतो, म्हणजे पेट्रोल आत पोहोचतच नाही. मग इंजिनात पेट्रोल सोडणारा कार्बोरेटर खोलला. एकेक भाग काढला तसा वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला, नाहीतर परत बसवता आला नसता. आतलं केसाएवढं भोक जुन्या पेट्रोलच्या चिकट घाणीनं बुजलं होतं. ते तारेनं साफ केलं. हे करता करता शकू बोलायला लागली. ऑफिसातलं, छायाच्या शाळेतलं, आणि मग हळूहळू त्या आजारातलंही. हात कामात आणि नजर खाली असली की तिला बोलता यायचं... मी फक्त ऐकत होते आणि मागेल ते हातात देत होते.

त्यानंतर मशीन खोकली आणि सुरू झाली. पण आम्हाला आनंद होतो न होतो तोच बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. पेट्रोल संपलं की काय म्हणून शकू दर वेळी टाकीचं झाकण उघडून बघायची, आणि झाकण उघडताच आत हवा ओढल्याचा आवाज यायचा. त्यानंतर लगेच ओढली तर थोडा वेळ चालायची. असं काही वेळा झालं तेव्हा ती थांबली.

"ताई, झाकण उघडलं का चालते, लावलं का बंद पडते. काहून?"

मला मिस्त्रीचा श्वास आठवला. आम्ही झाकण हातात घेऊन उन्हात धरलं. मधोमध एक बारीकशी खळी होती. तिथं हवा आत जायला भोक होतं आणि ते हिरव्या रंगानं पक्कं बुजलं होतं. टाकीत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं.

मी घरात जाऊन शिवणाची सुई आणली. शकूनं सुई घेतली, पण झाकणावर अंगठा फिरवत तशीच बसून राहिली.

"छायाच्या बाबानं किती मन लावून रंग देला होता, ताई," ती म्हणाली.

"रंग कुठं जात नाही," मी म्हटलं. "सुईच्या टोकाएवढीच जागा मोकळी करायची आहे."

तिनं सुई टोचली. रंगाचा एक कण निघून तिच्या नखावर आला. तिनं झाकण घट्ट बसवलं, पदर खोचला आणि दोरी ओढली. मशीन सुरू झाली. आम्ही बंद पडायची वाट बघत उभ्या राहिलो. ती बंद पडली नाही. तेव्हा शकूनं दांडा धरला आणि पुढे ढकलायला लागली. गवत उंच होतं, मशीन अडखळत होती, तरी ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. कॉलनीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. त्या टोकाला जाऊन ती उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मशीनचा आवाज एवढा होता की ओरडल्याशिवाय काही ऐकू गेलं नसतं, म्हणून ती मोठ्यानं बोलली.

"मनोहर, चालू झाली."

मग दांड्यावर डोकं टेकवून ती रडली. मी जवळ गेले नाही. छायाला कडेवर घेऊन तिथंच उभी राहिले. मशीन चालूच होती, शेवटी शकूनंच ती बंद केली.

भंगारवाल्याला मशीन दिली नाही, हे सांगायला नकोच. पुढची कितीतरी वर्षं हिवाळ्यातल्या संध्याकाळी आम्ही त्या हिरवळीवर चटई टाकून बसलो. आधी नावं ठेवणाऱ्या बायकाही येऊन बसू लागल्या. शकूचा आवाज परत भिंतीपलीकडून यायला लागला, आणि बोलताना ती आता 'मनोहर' म्हणायची, अगदी सहज. ऐंशीनंतर आमच्या ह्यांनी मिलचं काम बघायला नोकरी सोडली आणि आम्ही तुमसरला आलो. निघताना शकू बससोबत फाटकापर्यंत चालत आली. पुढे तिनं शहापुरात छोटं घर बांधलं. मशीनचे सुटे भाग मिळेनात तेव्हा तिनं ती देऊन टाकली, आणि मला हे सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं. काम झालं तिचं, म्हणाली. मला मात्र त्या दिवशी वाईट वाटलं होतं. वर्षातून एक-दोनदा भेट व्हायची. दर वेळी निघताना वाटायचं, पुढच्या खेपेला राहायलाच येऊ. राहायला जाणं झालं नाही.

शकूसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला आदरांजली वाहण्याच्या कार्यक्रमाला मी शहापूरला गेले. छाया आता शिक्षिका आहे. पाहुणे पांगल्यावर तिनं मला आईच्या खोलीत नेलं, थोडं पडा म्हणाली. खोली लहान, स्वच्छ, खिडकीला जुन्या साडीचा पडदा. मी खाटेवर पडले. उशीला अजून तिच्या तेलाचा वास होता. झोप लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागली, आणि दुपार कलताना अर्धवट जाग आली तेव्हा आपण कुठं आहोत, कोणतं वर्ष आहे, काही कळेना. आत भांड्यांचा आवाज होत होता. मी डोळे मिटूनच म्हटलं, "शकू, चहा ठेवतेस काय?"

"ठेवलाच आहे," आतून आवाज आला. तोच आवाज, तोच हेल... छायाचा. मी डोळे उघडले नाहीत. ती कप घेऊन येईपर्यंत तशीच पडून राहिले.