नाल्याअलीकडची मतं

परवा वर्गात माझा आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातले सर काय झालं म्हणून डोकावून गेले. मी इंदूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. विषय होता, निवडणुकांमुळे सरकारची धोरणं कशी ठरतात. हाच धडा मी वर्षानुवर्षं जांभई दाबत शिकवलाय. आता मात्र तो आला की मला दम निघत नाही. पुस्तक मिटते आणि सांगते, "पोरांनो, हे राहू द्या, आमच्या नाल्यावर पूल कसा झाला ते ऐका."

आम्ही शहरातल्या खजराना भागाच्या मागच्या अंगाला राहतो, मी आणि आई. गल्लीत बहुतेक सगळी बाहेरून आलेली बिऱ्हाडं. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी कारखान्यात. गल्ली आणि मोठा रस्ता यांच्यामधून नाला जातो आणि त्यावर विजेचे दोन जुने सिमेंटचे खांब आडवे टाकलेले होते. त्यांवरूनच आमचं सगळं जाणंयेणं. पावसाळ्यात चपला हातात. स्कूटर काढायची तर मागून भला मोठा वळसा.

बाबा गेल्यावर आईला मी भुसावळकडच्या आमच्या गावाहून इथं आणलं. तिचे गुडघे गेलेत. सपाटीवर काठी घेऊन ती दणदण चालते, पण खांबांवर तोल सांभाळणं तिला जमणारं नव्हतं आणि स्कूटरवर टांग टाकता येत नव्हती. गावात दिवसातून दोनदा गावभर हिंडून येणारी बाई इथं गेटपाशी खुर्ची टाकून बसून राहिली. "मी काय कोंबडी आहे का, खुराड्यात डांबायला?" हे मी रोज ऐकायचे. त्या नाल्यावर धड पूल व्हावा आणि आईनं आपल्या पायांनी बाहेर पडावं, एवढंच मला हवं होतं. नगर निगमच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, ऑफिसात अर्ज दिले, पोच घेतली, फाईल केली. खांब जिथल्या तिथं.

मग नगर निगमची निवडणूक आली. एका सकाळी नाल्यापलीकडे ढोल वाजायला लागला आणि आई हरखली. गावाकडं उमेदवार दारात आला की पाणी विचारायची पद्धत. तिनं ठेवणीतलं पातळ नेसलं, तांब्या-पेला घासूनपुसून भरला आणि गेटात उभी राहिली. ढोल खांबांपर्यंत आला. तिथं हातात मतदार यादी घेतलेला एक कार्यकर्ता थांबला आणि मागच्या भाऊमंडळींना इंदुरी बोलीत म्हणाला, "चलो भिया, उधर वोट नहीं हैं." ढोल वळला. अहो, चक्क वळला! आई तांब्या धरून तशीच उभी.

माझं डोकंच सटकलं. खांबांवरून धावत पलीकडे गेले आणि त्या कार्यकर्त्याला धरलं. "वोट नहीं हैं मतलब? हम लोग भूत हैं क्या?" तो बिचारा भांडला नाही. यादीचं पान माझ्यासमोर धरून म्हणाला, "मैडमजी, आप खुद ही देख लो." पाहिलं. अख्ख्या गल्लीची मिळून चार नावं! त्यात माझं नव्हतं. कसं असणार? माझं मत गावाला होतं. कोपऱ्यावरच्यांचं नागपूरला, समोरच्यांचं साताऱ्याला. "आमचं मत अजून गावाकडंच हं," हे आम्ही एकमेकांना किती कौतुकानं सांगायचो! लोकशाही शिकवणाऱ्या बाई खाली मान घालून खांबांवरून परत आल्या.

निवडून आलेल्या पार्षदानं, म्हणजे आमच्या नगरसेवकानं, पलीकडच्या धडधाकट रस्त्यावर पुन्हा नवे ब्लॉक बसवले. आईनं खुर्चीतून ते सगळं काम पाहिलं. मी चार दिवस चडफडले आणि पाचव्या दिवशी लक्षात आलं, हा माणूस काही वेडा नाही. जिथं नावं आहेत तिथं तो ब्लॉक लावतोय. अर्ज मी एकटीनं केले होते आणि तेही अशा लोकांकडं, ज्यांना माझी गरजच नव्हती.

त्या हिवाळ्यात यादी दुरुस्तीचा कॅम्प पलीकडच्या शाळेत लागला आणि माझ्या अंगात आलं. कॉलेजातून आले की फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारोदार. सोबत आमच्या शेजारच्या ताई. त्या महूच्या, सासरे फौजेत होते. मतदानाला त्यांच्या घरी आजही धुतलेले, इस्त्री केलेले कपडे घालून जातात. "मताची किंमत आम्हाला नका सांगू," त्या मला हसत म्हणाल्या, "पर वोट महूमध्येच ठेवून बसलो ना आम्ही पण!" पहिला फॉर्म त्यांनी भरला. मग काय! लोक आधी कुरकुरायचे, मग त्या खांबांवरून आपलं कोण कधी घसरलं ते सांगायचे आणि सही करायचे. मजा यायला लागली हो! नोकरीत इतकी वर्षं कधी आली नव्हती तेवढी.

आणि माझ्याच घरात घोडं अडलं. आई म्हणाली, "माझं नाव हलवायचं नाही."

मी चिडले. "तुझ्यासाठी जीव काढतेय मी, आणि तूच नाही म्हणतेस?" तोंडाला येईल ते बोलले. मग ती म्हणाली, "तिथं यादीत तुझ्या बाबांचं नाव आहे अजून. माझ्या बरोब्बर वर. ते गेल्याचं मी कळवलंच नाही कुणाला." मग पुढं म्हणाली, "मागच्या वेळी मी मत द्यायला गेले तेव्हा त्या पानावर आम्ही दोघं होतो. माझं नाव इथं आणलंस की ते तिथं एकटे पडतील."

मी फॉर्म कपाटात ठेवून दिला.

कॅम्पच्या शेवटच्या सकाळी मी डबा भरत होते. आई बाहेरून आली, काठीला चिखल लागलेला. "खांबांपर्यंत जाऊन आले," म्हणाली. "पाय टाकायची हिंमत नाही झाली. तिथं उभी होते तर तुझ्या बाबांचा आवाज आल्यासारखं वाटलं. म्हणत असतील, मत तिथं अन् तंगड्या इथं, काय डोकं आहे का बाई तुला!" आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मलाही. मग डोळे पुसून ती म्हणाली, "आण तो फॉर्म. आणि त्यांचं नाव काढायचा पण आण. त्यांना तिथं एकटं नाही ठेवायचं." दोन्हींवर तिनं स्वतः सही केली. दुसऱ्या फॉर्मवर सही करायला तिला फार वेळ लागला.

नवी यादी लागली आणि काय सांगू तुम्हाला! पंधरा दिवसांच्या आत तोच कार्यकर्ता हजर, आणि सोबत खुद्द पार्षद. विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी होती आणि त्याच्या पक्षाला मतं हवी होती. ढोल नव्हता, यादी होती. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला तो धिप्पाड माणूस दोन्ही हात पसरून खांबांवरून एकेक पाऊल टाकत येत होता आणि अख्खी गल्ली गेटांमध्ये उभी राहून बघत होती. आई ओरडली, "सांभाळून या! आम्ही रोज असेच येतो!" मराठी त्याला किती कळली कोण जाणे, पण घाम मात्र फुटला. आईनं त्याला पाणी दिलं. पेला परत घेताना काठी नाल्याकडं दाखवून म्हणाली, "भिया, पुलिया." बास, एवढंच.

आचारसंहिता लागायच्या आत पुलिया झाली. कठड्यासकट! जे काम माझ्या अर्जांनी झालं नाही ते यादीच्या दोन पानांनी झालं, आणि मी आनंदानं नाचायचीच बाकी होते. एक गोष्ट मात्र टोचते. गल्लीच्या टोकाला बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या आहेत आणि त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत. मी आणि ताई सध्या त्यांच्याकडं फॉर्म घेऊन जातोय.

मतदानाच्या सकाळी आई माझ्याआधी तयार होती. तेच ठेवणीतलं पातळ. पुलियावर मी तिचा हात धरायला गेले तर तिनं झटकला. टक टक काठी वाजवत निघाली, मधोमध थांबून खाली नाल्यात पाहिलं आणि पार झाली. पलीकडून मला म्हणते, "चल ना, किती हळू चालतेस!"

शाळेत रांग होती. आत टेबलावरच्या कर्मचाऱ्यानं चिठ्ठी घेतली, यादीत बोट फिरवलं आणि उमेदवारांच्या एजंटांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं आईचं नाव वाचलं. आणि त्यापुढे, "पति," म्हणून बाबांचं नाव.

फॉर्मातला तो रकाना मीच भरला होता, पण ते असं कुणी वाचेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आईच्या तर नव्हतंच. ती टेबलाची कड धरून उभी राहिली. कर्मचारी म्हणाला, "अम्माजी, आगे बढ़ो."

"भिया," आई म्हणाली, "एक बार और पढ़ो. जोर से."

मागची रांग चुळबुळली. त्यानं आईकडं पाहिलं, मग पुन्हा पानात बघून, सावकाश, दोन्ही नावं वाचली.

"हाओ," आई म्हणाली, "आलोय आम्ही." आणि शाईसाठी तिनं बोट पुढे केलं.