रमजानभाईंची वीत

उंब्रजात एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. दर रविवारी सकाळी नऊ वाजता तिचं दार उघडतं आणि चार वयस्क माणसं आत जाऊन खेळत बसतात. त्यांना विचारलंत तर ती खेळत नाहीत, काम करतात. दारावर पाटी आहे, 'लहान माप मंडळ'. पाटी नवी होती तेव्हा दोन बाया शाळेचे गणवेश शिवून मिळतील का म्हणून विचारायला आल्या होत्या.

गिरणी लालासाहेबांची. लष्करात पूल बांधणाऱ्या पलटणीत ते सुभेदार होते, आणि अजूनही चहा झाला की कप ओळीत ठेवतात. तानाजीराव एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. रेश्मा मॅडम हायस्कुलात गणित शिकवतात. चौथे रमजानभाई सुतार, आडनावानं सुतार आणि धंद्यानंही सुतार.

मंडळाचं काम सांगायला सोपं आहे. एखादी मोठी वस्तू घ्यायची, तिच्या विसाव्या भागाएवढी धाकटी वस्तू करायची, आणि ती तशीच्या तशी दिसली पाहिजे. वीस फुटांचं एक फूट. वर्षभर एकच वस्तू करायची आणि ती कराडच्या प्रदर्शनात मांडायची. गेल्या वर्षी कोयनानगरच्या वसाहतीतली पाण्याची टाकी केली होती. तानाजीरावांनी तिच्यात खरं पाणी भरायचा हट्ट धरला, आणि शेजारच्या टेबलापुढची रांगोळी दुपारपर्यंत वाहून गेली.

रमजानभाई मंडळात आले त्याला तीन वर्षं झाली. प्लायवूडचं तयार फर्निचर गावात आल्यावर त्यांचं दुकान हळूहळू शांत झालं. लेक संसाराला सांगलीला गेली. घरात ते, त्यांची बायको अकिला आणि हत्यारांची पेटी एवढंच उरलं. लालासाहेबांनी एकदा बारीक पट्ट्या रंधून मागितल्या, त्या देताना रमजानभाई गिरणीत थांबले, आणि मग थांबतच गेले. ते दाराजवळच्या स्टुलावर बसत. सांगितलेलं काम नखासारखं साफ करून देत. तीन वर्षांत बैठकीत त्यांनी आपणहून एक शब्द काढला नव्हता. आपण चौथी शिकलेले, इथं गणिताच्या मॅडम आणि सुभेदार, आपण काय बोलायचं, असं त्यांना वाटे.

म्हणून या वर्षी काय करायचं याची चर्चा चालू असताना ते "नाव" म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी आधी दाराकडं पाहिलं, कोणी बाहेरून बोललं का म्हणून.

पूल व्हायच्या आधी कृष्णेवर लाकडी नाव चालायची. बाजारकरी, शाळामास्तर, शेळ्या, सायकली, सगळं त्या नावेतून पलीकडं जाई. पावसाळ्याआधी ती घाटावर ओढून घेत आणि रमजानभाईंचे वडील तिच्या फळ्या बदलत. हाताखाली विशीतले रमजानभाई असत. आता नाव गेली, तिचा एक फोटोही कुणाकडं नाही. फक्त दगडी घाट उरलाय.

"माप कुठनं आणायचं?" लालासाहेबांनी विचारलं.

"माप माज्यापाशी हाय," रमजानभाई म्हणाले. "लांबी अडतीस वीत. पोटाशी रुंदी धा वीत. वडील टेप घेऊ द्यायचं न्हाईत. माज्याच हातानं मोजलीया, लय येळा."

मंडळात हे शब्द फार मोठे ठरले. लालासाहेबांनी टेबलावर टेप ताणला. रमजानभाईंनी त्यावर डावा हात पसरला, कारण उजव्यात पेन्सिल असते आणि माप डाव्यानं घ्यायचं ही सुताराची सवय. वीत सव्वासात इंच भरली. रेश्मा मॅडमनी गुणाकार केला, विसानं भागलं, आणि कागदावर नाव उमटली. त्या रविवारी रमजानभाई घरी गेले ते जरा ताठ चालत. अकिलांनी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काही नाही, नाव करायची ठरली. मग जेवताना तेच तीनदा सांगितलं.

पाच महिने काम चाललं. रमजानभाईंनी सागाच्या जुन्या चौकटीतून बोटभर रुंदीच्या फळ्या काढल्या, वाफेवर वाकवल्या, खिळ्यांऐवजी पितळी तारेचे तुकडे ठोकले. लालासाहेबांनी टेप घेऊन खरा घाट मोजला आणि दगडाच्या कपच्या घासून त्याच्या पायऱ्या रचल्या. तानाजीरावांनी तारेच्या तीन सायकली केल्या, चाकं फिरणाऱ्या. कारण नावेत सायकली या काठापासून त्या काठापर्यंत आडव्या उभ्या करत, हे जुन्या माणसांना पक्कं आठवत होतं.

सायकली नावेत बसेनात. आडवी ठेवली की पुढचं चाक काठावर चढे.

लालासाहेबांनी विचारलं, तानाजीराव, सायकल केलीया का म्हस? रेश्मा मॅडमनी एक सायकल मोजली आणि बरोबर आहे म्हणाल्या, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही, कारण मग चूक नावेची ठरली असती, आणि नाव तर रमजानभाईंच्या हातची. हसणं तानाजीरावांच्या वाट्याला आलं. कोणी त्यांना हत्तीचा मेकॅनिक म्हणालं. शेवटी वैतागून त्यांनी एक सायकल सुटी केली आणि तिला लहान करायला बसले. रमजानभाई स्टुलावरून बघत होते. त्यांनाही वाटलं, तानाजीचा अंदाज चुकला असेल.

प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते. शुक्रवारी नमाज पढून ते घरी आले, तर अकिलांनी लग्नातली लाकडी पेटी ओट्यावर ओढून ठेवली होती. लेकीला द्यायची होती आणि ती तिच्या कपाटाखाली बसेल का हे फोनवर सांगायचं होतं.

"चार वीत हाय," रमजानभाई न बघता म्हणाले. ती पेटी त्यांनीच लग्नाआधी केली होती आणि चार वीत हे माप त्यांना अजून तोंडपाठ होतं.

"आवं, मोजा तर," अकिला म्हणाल्या.

त्यांनी हात पसरला. एक, दोन, तीन, चार. आणि पुढं पेटी उरलीच. त्यांनी पुन्हा मोजलं. पुरी पाच भरली.

"लाकूड वाढतंय व्हय?" अकिला म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या डाव्या हाताकडं गेलं.

डाव्या अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं. करवतीत गेलं त्याला चौतीस वर्षं झाली होती. तेव्हा लोक बघायला आले होते, वर्षभर काम अडलं होतं, आणि मग हात जसा होता तसा त्यांच्या अंगवळणी पडला. आता त्यांना आठवायचं म्हटलं तरी पुरा अंगठा आठवत नव्हता. नाव मोजली ती पुऱ्या अंगठ्यानं. हिशेब केला तो अर्ध्या अंगठ्यानं.

दोन दिवस ते जेवले ते नावाला. एक गोष्ट उघड होती. गप्प बसलं तर कुणालाच कळणार नाही. तानाजी सायकली लहान करेल, त्या बसतील, आणि लोक वाहवा करतील. बोललं तर तीन वर्षांत एकदाच तोंड उघडलं आणि तेही चुकीचं, हे कायमचं लागेल. पुन्हा कोण आपल्याला विचारणार?

रविवारी ते गिरणीत गेले तेव्हा तानाजीराव मान खाली घालून दुसरी सायकल सुटी करायला पक्कड शोधत होते. रमजानभाईंनी पक्कड त्यांच्या पुढून उचलून खिशात घातली.

"सायकली बरोबर हायत," ते म्हणाले. "नाव चुकलीया." आणि डावा हात टेबलावर पसरला. "ह्यो अंगठा तवा पुरा व्हता."

लालासाहेबांनी हाताकडं पाहिलं, मग नावेकडं, मग आपल्या घाटाकडं.

"आवं, मग टेप लावला तवा का बोलला न्हाई?"

"ध्यानातच न्हाई आलं. मला वाटतं माजा हात असाच हाय."

पहिल्यांदा तानाजीराव हसले. "म्हंजे मला हत्तीचा मेकॅनिक म्हनलं ते ह्या एका पेरापायी," ते म्हणाले, आणि मग हसू त्यांना आवरेना. रमजानभाईंनी घरच्या पेटीचं सांगितलं, तवाच्या चार वीत, आताच्या पाच. त्यावरून रेश्मा मॅडमनी जुनी वीत नऊ इंच काढली. त्या म्हणाल्या, नाव पंचविसाव्या भागाची म्हणून मांडता येईल, पण मग घाट आणि सायकली बदलाव्या लागतील. लालासाहेबांनी पायऱ्यांवरून हात फिरवला.

"घाट ऱ्हाऊ द्या," रमजानभाई म्हणाले. "नाव मी नवी करतो."

"सहा दिसांत? एकट्यानं?"

"न्हाई. तुमी समद्यांनी यायचं. मी सांगतो तसं करायचं."

हे आपण बोललो, हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

सहा दिवस गिरणी रोज उघडली. स्टूल दारातून टेबलापाशी आलं. धरा, सोडा, तसं न्हाई, वाफ जाऊ दिऊ नका, असं रमजानभाई सांगत आणि सुभेदार लालासाहेब फळी धरून "जी" म्हणत. रेश्मा मॅडमच्या बोटांना डिंक लागला तो शाळेत फळ्यावरही उमटला. शनिवारी दुपारी तानाजीरावांनी सायकल नावेत आडवी उभी केली. ती बसली, आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा उरली. आधी लहान केलेली सायकलही त्यांनी शेवटाला ठेवली. मास्तरांच्या पोराची म्हणाले.

कराडला नावेपुढं गर्दी झाली. कार्डावर लालासाहेबांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'माप एकास वीस. मूळ मोजणी रमजान सुतार, वीत नऊ इंच.' एका म्हाताऱ्यानं वीत दाखवा म्हटल्यावर रमजानभाईंनी डावा हात खिशातून काढला आणि सगळी हकिकत सांगितली, अगदी पेटीसकट. रेश्मा मॅडम म्हणाल्या, दुपारपर्यंत त्यांनी ती अकरा वेळा सांगितली.

पेटी लेकीच्या कपाटाखाली बसली नाही. पहिली नाव मात्र घरात राहिली. अकिलांनी ती स्वयंपाकाच्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलीय. लसणाला, त्या म्हणतात, अगदी मापात हाय.