सेन्सरला लावलेलं कुंकू

आमच्या शाळेत रोबोटिक्सचं किट आलं आणि हेडमास्तर आप्पासाहेबांनी ते कपाटात घालून कुलूप ठोकलं. पोरींनी हात लावला तर खराब होईल म्हणे! मग शिकायचं कशावर, ह्यांच्या टकलावर?

विज्ञानाच्या विमलबाई मात्र लई चिकट. रेझिस्टर न जोडता एलईडी लावला की जळतो, हे पोरींनी एखादा जाळूनच शिकावं, असं त्यांचं म्हणणं. भांडून भांडून त्यांनी किल्ली मिळवली. महिनाअखेरीला त्या रिटायर होणार होत्या. त्याआधी पोरींची गाडी एकदा लातूरच्या प्रदर्शनात पळावी, एवढंच त्यांना हवं होतं. गाडीला पुढं दोन गोल डोळ्यांसारखा सेन्सर होता. भिंत जवळ आली की तो ओळखायचा आणि गाडी थांबायची.

खंडेनवमीला आप्पासाहेबांनी गाडीची पूजा मांडली. आम्ही बाकीच्या शिक्षिकांनी एकमेकींना हळदीकुंकू लावलं. विमलबाई विधवा, म्हणून त्यांना हुकूम, "बाई, तुम्ही जरा बाजूला थांबा." जिनं गाडी उभी केली, तीच बाजूला! मग ह्या शहाण्यानं कुंकू पाण्यात कालवून बरोब्बर त्या दोन डोळ्यांवर थापलं. मी तिथंच होते. गप्प बसले.

दसऱ्याच्या सुट्टीत गाडी कपाटातच राहिली आणि आठवड्यानं चाकूरला लातूरसाठीची निवड होती. तिथं सरावालाच गाडी धाडकन भिंतीवर आदळली. गाडी जोडणाऱ्या पोरींतली ऋतुजा रडायला लागली. वर आप्पासाहेब विचारतात, "काय शिकवलं बाई तुम्ही?" लाज कशी ती न्हाईच माणसाला!

बाईंनी सेन्सरची जाळी नखानं खरवडली. आत कुंकू वाळून बसलेलं. "रडू नको गं. डोळे गेले तर माणूस काठीनं चालतो की." त्यांनी किटातलं एक बटन पुढं बसवलं, त्याला खराट्याची काडी बांधली, प्रोग्राममधल्या दोन ओळी बदलल्या. काडी भिंतीला टेकली, बटन दबलं, गाडी जागच्या जागी थांबली. परीक्षक वाकून बघत राहिले. लातूरसाठी निवड झाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत आप्पासाहेब ताटली घेऊन हजर! कुंकवाचं बोट थेट बटनाकडं. बाईंनी गाडी पदराआड घेतली.

"सर, हिला आता कायबी लावू नका. कुंकू उरलंच आसंल तर माझ्या कपाळाला चालंल."

"बाई, तुम्हाला कसं चालंल?"

मशीनला चालतं, बाईला न्हाई! मला आप्पासाहेबांची चीड आली आणि त्याहून जास्त माझी. त्यांच्या हातातली ताटली मी ओढून घेतली आणि बाईंना कुंकू लावलं.