वामनशेठचं ऐकण्यापुरतं इंग्रजी

वामनशेठ मढवी शिकवणीला पहिल्यांदा आले, त्या दिवशी मधुकर मास्तरांनी त्यांना स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला लावला. चूक सगळी मास्तरांची. नळ गळतो म्हणून सकाळी त्यांनी स्वतः पाना चालवला होता आणि गळता नळ वाहता करून ठेवला होता. प्लंबरची वाट बघता बघता दारात पायजमा-सदऱ्यातला साठीचा गृहस्थ दिसला. मास्तरांनी त्याला हाताला धरून थेट सिंकपाशी नेलं. वामनशेठनी नळ बसवला, हात पुसले, पिशवीतून दोनशेपानी वही काढली आणि पोरांच्या रांगेत जाऊन मांडी घातली.

“अहो, आधी सांगायचं नाही का?” मास्तर ओशाळले.

“तुमी इचारला कवा? आनि नल तर गलतच व्हता.”

वामनशेठ सारसोळ्याचे. भातखाचरं नव्या शहरात गेली, होडी तेवढी उरली. आता खाडीच्या कडेने भिंत येणार होती आणि गावातून होड्यांकडे जाणारी वाट बंद होणार होती. भिंतीत दहा फुटांची जागा सोडा, एवढाच त्यांचा अर्ज. त्यासाठी कचेरीत आठ खेपा झाल्या होत्या. दर खेपेला साहेब मराठीत “बघतो, वामनशेठ” म्हणायचे आणि मग आपसांत इंग्रजीत काहीतरी बोलून हसायचे. ते काय बोलतात, एवढंच वामनशेठना कळायला हवं होतं.

मास्तरांचा क्लास म्हणजे नेरूळच्या फ्लॅटचा हॉल, एक फळा आणि त्यावर दोन रकाने: ‘असे म्हणा’ आणि ‘असे म्हणू नका’. ‘डिस्कस अबाउट’ म्हणू नका, ‘रिटर्न बॅक’ म्हणू नका. पोरं पहिला रकाना उतरवून घ्यायची. वामनशेठ दुसराही पाठ करायचे.

“तो कशाला? त्या चुका आहेत, वामनशेठ!”

“साहेब लोक तेच बोलतात ना, मास्तर.”

मास्तरांनी फळा पुसायला घेतला.

पुढे क्रियापदांना अप, ऑफ, डाउन अशी शेपटं लागू लागली. शेपूट बदललं की अर्थ पालटायचा, आणि पोरं रडकुंडीला यायची. वामनशेठ शांत. “होरी तीच,” ते शेजारच्या पोराला समजावत, “वारा फिरला का भलत्याच बंदराला लागते.” पण इतकं कळूनही चार महिन्यांत त्यांनी इंग्रजीचं एक वाक्य तोंडातून काढलं नाही. मास्तरांनी गोडीनं विचारलं, दटावून पाहिलं. गृहस्थ आपला हसून वहीत बघायचा.

नवव्या खेपेला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून बरोबर गेले. मुलाचं गॅदरिंगमधलं काम बघायला बाप जातो ना, तसे.

“एव्हरीथिंग इज क्लिअर्ड अप,” धाकटे साहेब फाइल बघत म्हणाले, “ओन्ली करमरकर हॅज टु साइन ऑफ.”

“ही सेट्स ऑफ फॉर नाशिक ॲट थ्री. पुट इट ऑफ टिल मार्च,” थोरले म्हणाले. “धिस फेलो विल गिव्ह अप.” मग वामनशेठकडे वळून साखरेसारखे, “बघतो हं, वामनशेठ!”

मास्तरांच्या डोक्यात भराभर मराठी उतरलं. काम झालेलं आहे, करमरकर साहेबांची सही तेवढी राहिली आहे, ते तीनला नाशिकला निघणार, आणि मार्चपर्यंत ताणलं की हा म्हातारा कंटाळून नाद सोडेल. त्यांनी वामनशेठना कोपराने ढोसलं. बोला आता!

वामनशेठनी दोघांना नमस्कार केला आणि बाहेर पडले. मास्तरांना चार महिने पाण्यात गेल्यासारखे वाटले.

पण वामनशेठ बसस्टॉपकडे वळलेच नाहीत. फाटकाशी एक जीप उभी होती, तिच्या सावलीत त्यांनी बैठक मारली. पावणेतीनला करमरकर साहेब बॅग घेऊन आले.

“साहेब, भिंतीच्या कागदावर तुमची येक सही रायली आसल. निगायच्या आदी मिलाली तर बरा व्हईल.”

साहेब चकित झाले, पण माणूस सरळ होता. शिपायाकरवी फाइल मागवली आणि बॉनेटवर ठेवूनच सही केली. होड्यांची वाट राहिली.

रस्त्यावर येताच मास्तरांना राहवेना. “अहो, चार महिने घसा फोडला मी! एक वाक्य तरी इंग्रजीत फेकायचं त्या दोघांच्या तोंडावर!”

वामनशेठनी मंजुरीचा कागद जपून पिशवीत घातला. आत दुसरा अर्ज तयारच होता, जेट्टीवर दिवा लावण्याचा.

“मंग ते पुन्यांदा माज्यासमोर बोलतील काय?”