सकिनामावशीचा राहिलेला डोस

व्हायलमध्ये एक डोस उरला होता, आणि तो ज्या बाईचा होता ती बाई काही येत नव्हती.

हजला जाणाऱ्यांचं लसीकरण शिबिर होतं, आमच्या गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात. मी तिथली लसीकरणाची इन्चार्ज सिस्टर. आता रिटायर झाले, त्यामुळे सांगायला हरकत नाही.

आधी व्हायल म्हणजे काय ते सांगते. लसीची छोटी बाटली. त्या वर्षी आम्हाला आलेल्या बाटलीत एकापेक्षा जास्त माणसांचे डोस होते. आत कोरडी पावडर असते. तिच्यात सोबत आलेलं पाणी घातलं, की ती बाटली फार वेळ ठेवता येत नाही. शिबिर संपलं की उरलेली लस फेकायची. फ्रिजमध्ये ठेवून उद्या वापरू, हे घरच्या वरणाचं चालतं, लसीचं चालत नाही.

ही लस मेनिन्जायटिसची. मेंदूच्या भोवती एक पातळ आवरण असतं. जिवाणूंमुळे त्याला सूज येते. ताप चढतो, मान ताठ होते, उजेड सहन होत नाही, आणि सकाळी बोलणारं माणूस संध्याकाळपर्यंत हातचं जाऊ शकतं. वाचलं तरी कधी कान जातात. या आजाराचे दोन जिवाणू लहान लेकरांच्या नेहमीच्या लसींनी अडवले जातात. तिसरा एक आहे, तो दाटीवाटीत एकाच्या घशातून दुसऱ्याच्या घशात जातो. हजला लाखो माणसं एकत्र येतात, म्हणून तिथल्या सरकारला या तिसऱ्याची लस घेतल्याचं कार्ड लागतं. कार्ड नाही तर जाणं नाही. आणि सुई तिथं पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण अंगात ताकद तयार व्हायला तेवढा वेळ लागतो.

ही लस गावच्या आरोग्य केंद्रात नसते. यात्रेकरू मोजून येते, शिबिर झालं की हिशेब बंद.

तर सगळे आले, सुया घेऊन, अर्धा तास बसून, चहा पिऊन गेले. सकिनाबी तेवढी राहिली. तिचा भाऊ करीमभाई, गोंदियात टेलरिंगचं दुकान चालवणारा, बायकोसोबत वेळेवर आला होता. हे तिघंच मिळून जाणार होते. मी त्याला धरलं.

"बहीण कुठं आहे?"

"सिस्टर, वो माफी मांगने गई है."

"कोणाची?"

"सब की," तो म्हणाला आणि खाली बघायला लागला.

मग त्यानं समजावून सांगितलं. हजला निघण्याआधी ज्याच्या त्याच्या दारी जाऊन सांगायचं, माझं बोललं-चाललं माफ करा. अल्लाचं देणं अल्ला माफ करील, पण माणसाचं माणसानंच करावं लागतं. घरचे, शेजारी, नातेवाईक, एवढ्यावर लोक थांबतात. पण सकिनाबीनं जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन खेड्याखेड्यांत बांगड्या भरल्या होत्या. ती म्हणाली, जिथं जिथं टोपली उतरवली, तिथं तिथं मी जाईन. निघाली. मोबाइल भावाच्या दुकानात ठेवून. का, तर रस्त्यात हरवेल म्हणून.

"शिबिर आज आहे हे तिला माहीत नव्हतं?"

"मालूम था. बोली, वापस आ जाऊँगी."

मी चिडकी बाई आहे. वॉर्डात पोरी माझ्या चपलेचा आवाज ओळखून उभ्या राहत. पण त्या दिवशी चिडायलाही जमेना, कारण सकिनाबी मला परकी नव्हती. ती माझ्या माहेरची बांगडीवाली. माझ्या हातात पहिली बांगडी तिनंच भरली. आम्ही तिला सकिनामावशी म्हणायचो.

आमचे डॉक्टरसाहेब पुण्याकडून नवीन आलेले. माणूस चांगला, पण घड्याळाचा. ते आत आले.

"सिस्टर, एकच राहिल्या ना? मग क्लोज करू."

"सर, नवरा होता तेव्हापासून ती दरवर्षी हजच्या सोडतीत नाव देते. नवरा गेला, तेव्हा नंबर लागला नव्हता. आता लागला आहे."

"मग यायला नको?"

"यायला पाहिजे," मी म्हटलं. "मला शिबिर संपेपर्यंत वेळ द्या."

त्यांनी हो म्हटलं. मी फोन घेतला आणि आशाताईंना लावायला सुरुवात केली. प्रत्येक गावात आरोग्याचं काम करणारी एक आशा असते, आणि गावात मांजर आलं तरी तिला कळतं. मी मुर्रीपासून सुरू केलं आणि अर्जुनीकडं सरकत गेले.

"हो जी मॅडम, आलती ना. काल आलती. माया सासूनं साडी देल्ली तिले."

पुढचं गाव. "सकाळीच गेली जी. जेवून गेली. जाऊ देत नोहती बायका."

त्याच्या पुढचं. "आता गेली व बाई, आता. नाल्याच्या वाटेनं. काऊन, काही झालं का?"

सगळीकडं तेच. बाई माफी मागते, लोक म्हणतात कसली माफी, बस, चहा घे. कोणी नारळ देतं, कोणी म्हणतं आमच्यासाठी दुआ माग. ज्यांनी जन्मात देऊळ सोडून काही पाहिलं नाही, त्या बायासुद्धा तिला मक्केत आपलं नाव घ्यायला सांगत होत्या. मला हसूही येत होतं आणि तिचा हेवाही वाटत होता. असं दारोदार जाऊन बसायला मला किती वर्षांत मिळालं नव्हतं.

शेवटी एका आशाचा उलटा फोन आला.

"मॅडम, हाय जी अथी. तुमच्याच घरासमोर बसून हाय."

इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर माझ्या माहेरच्या गावाची धानाची शेती. घर आहे, पण त्याला कुलूप. माय गेली, भाऊ नागपूरला. त्या कुलपासमोर ती बसली होती.

"तिला दे फोन."

फोनमध्ये आधी कोंबड्यांचा आवाज आला. मग तिचा.

"कोण? सुमन होय का व?"

"मावशी, मी सुमन. सुईचा दिवस आहे ना आज? निघ पाहू. आता बस पकडली तर पोचतेस. मी डोस धरून ठेवला आहे."

"येतो ना बाई. पण तुया मायचं राहून गेलं."

"माय नाही आता, मावशी."

"मालूम हाय मले. म्हणूनच तं बसून राहिलो."

मग ती बोलायला लागली आणि मी त्या खोलीत, सिरिंज आणि कापसाच्या मधे उभी राहून ऐकत राहिले.

माझे वडील गेले तेव्हा मी नर्सिंगच्या ट्रेनिंगला होते. मायच्या हातातल्या बांगड्या निघाल्या. त्यानंतर सकिनामावशी गावात यायची, पण आमच्या दारासमोरून सरळ पुढं जायची. तिच्या धंद्यातली रीतच ती. बोडक्या हाताच्या बाईच्या दारात टोपली उतरवली, तर सवाष्ण बाया त्या टोपलीला हात लावत नाहीत. तिलाही पोट होतं.

"तिनं एकदा हाक मारलती," सकिनामावशी म्हणाली. "दोनदा मारली. मी ऐकू आलंच नाई असं केलं. आता तिची माफी कोणाले मागू? तूच सांग."

"मी केलं माफ, मावशी. तिच्याकडून मी करते. आता ऊठ."



"असं घाईत नाई, बाई. तू सुईसाठी माफ केलं म्हणून राहिली. घाईतली माफी लागत नाई."

"मावशी, सुई नाही घेतली तर जाताच येणार नाही तुला."

"आणि हे ओझं घेऊन गेलो तं जाऊन काय फायदा?"

तिनं आशाला फोन परत दिला. आशा म्हणाली, मॅडम, ती उठत नाही, म्हणते आजचा दिवस या दारातच बसेन.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, माफ केलं म्हणायचं आणि बोलवून घ्यायचं ना!"

"म्हटलं सर. तिला पटलं नाही."

शिबिर संपलं. मी व्हायल कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली. नोकरीत मी कितीतरी लस फेकली असेल, ते नियमाचंच काम. पण त्या दिवशी वाईट वाटलं. सकिनामावशी खरं बोलली होती, हे माझं दुखणं होतं. मी घाईतच म्हटलं होतं, मनातून माफ केलं नव्हतं.

कारण सुट्टीवर घरी आले की मी मायला पाहायचे. बांगडीवालीच्या वाराला ती उंबऱ्यावर येऊन बसायची. मी एकदा रागानं म्हटलं, "तुले कायले पाहिजे ती? बांगड्या तं घालत नाई तू."

"बांगड्या कोणाले पाहिजे व," माय म्हणाली. "ती केशोरीवरून येते. भावाचं घर कसं हाय, तेवढं पुसलं असतं."

केशोरीकडं मायचं माहेर. तेव्हा फोन नव्हते. कोणाला लेकरू झालं, कोणाची भिंत पडली, आंब्याला मोहोर आला का, सगळं माहेर सकिनामावशीच्या टोपलीतून यायचं. माय हात पुढं करायची आणि बांगडी चढेपर्यंत विचारत राहायची. मुद्दाम घट्ट बांगडी मागायची, चढायला वेळ लागावा म्हणून. वडील गेल्यावर बांगड्यांसोबत हेही बंद झालं. ती माहेराची वाट बघत बसायची आणि तिचं माहेर डोक्यावर टोपली घेऊन समोरून निघून जायचं. हे मी पाहिलेलं होतं. त्यावर फोनवर माफी कशी देणार होते मी?

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःच म्हणाले, "त्या बाईंचं काय करायचं?" त्यांनी नागपूरला फोन लावला. चार जणांकडून पाचव्याकडं. शेवटी कळलं, राहिलेल्यांसाठी तिथं एक दिवस ठेवला आहे, एक माणूस वाढलं तर चालेल. तो दिवस म्हणजे दहा दिवसांच्या नियमात बसणारा अगदी शेवटचा. तोही चुकला तर करीमभाई आणि त्याची बायको जाणार, आणि सकिनामावशी मागं राहणार. पुढच्या वर्षी नंबर लागेल की नाही, तब्येत साथ देईल की नाही, कोण सांगणार? तिचे गुडघे मी पाहिले होते.

करीमभाईला म्हटलं, "या वेळी तिला मी घेऊन जाते." एक सीएल टाकली आणि सकाळच्या गाडीत तिला घेऊन बसले.

तिरोडा मागं पडलं. ती खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत होती. हात मांडीवर, त्यांवर काचांचे जुने बारीक वण. मग मीच सुरुवात केली.

"मावशी, माय तुझ्या बांगड्यांसाठी नव्हती बसत. केशोरीची खबर पाहिजे होती तिला."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, मायला फक्त अपमान वाटला असेल.

"तिच्या भावाले नातू झालता तेव्हा," ती हळू बोलली. "मलेच सांगतलं होतं त्यानं, बहिणीले सांगजो म्हणून. मी नाई सांगतलं. कसं सांगू? दारात थांबतच नोहतो."

"माय मरेपर्यंत विचारत होती मला, माहेरचं काही कळलं का. मी गोंदियात. मला काय कळणार?"

मला रडू आलं. आपल्या वयाच्या बाईनं भर डब्यात रडू नये, पण आलं. मायसाठी आलं, त्या उंबऱ्यासाठी आलं, आणि माझ्यासाठीही आलं, कारण आता त्या गावातून मला खबर आणणारंही कोणी उरलं नाही. सकिनामावशी माझा हात हातात घेऊन बसली होती. बांगडी भरताना धरायची तसाच, चारी बोटं गोळा करून.

"आता सांग," ती म्हणाली. "आता घाई नाई. नागपूर दूर हाय."

मी विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं.

"माझ्या वाटचं मी माफ केलं, मावशी. खरंच केलं. मायच्या वाटचं माझ्याकडं नाही. ते तू तिकडं जाऊन माग."

तिनं मान हलवली.

"त्याच्यासाठीच तं जाऊन राहिलो, बाई."

नागपूरला तिनं डाव्या दंडावर सुई घेतली. अर्धा तास बसवून ठेवलं, चक्कर नाही, पुरळ नाही. कार्डावर शिक्का बसला. ठरल्या दिवशी ती भाऊ-भावजयीसोबत विमानात बसली, आणि सगळं करून सुखरूप परत आली. तिथून तिनं मला एकदाच फोन केला. मागं माणसांचा मोठा गलका होता. ती एवढंच म्हणाली, "सुमन, तुया मायचं नाव घेतलं व. मोठ्यानं घेतलं." आणि फोन कटला.

साहेबांनी नंतर मला विचारलं होतं, डोस वाया गेला तो कोणत्या कारणाखाली दाखवायचा. मी म्हटलं, लाभार्थी अनुपस्थित. दुसरं काय लिहिणार?

पण त्यानंतर रिटायर होईपर्यंत हजच्या शिबिराची तारीख मी आधी ठरवून सांगितली नाही. एकेकाला फोन करून अगोदर विचारायचे, सगळ्यांची माफी मागून झाली का? किती गावं राहिली? मगच दिवस ठरायचा. साहेब हसायचे. पण त्या शिबिरात पुन्हा कोणाचा डोस मला फेकावा लागला नाही.