चाचांची अकरा स्मरणपत्रं

जगात जे काही अडून बसलं आहे ते केवळ कुणी वेळेवर स्मरणपत्र पाठवलं नाही म्हणून अडलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. परंड्यात आमच्या भिंतीला भिंत लावून ते राहतात. गल्लीतले सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. एका सरकारी कार्यालयात ते वर्षानुवर्षं लिपिक होते. कार्यालय कोणतं ते लिहीत नाही, कारण लिहिलं तर चाचा पहिला प्रश्न विचारतील, "परवानगी घेतली व्हती का?" येणाऱ्या कागदाला आवक क्रमांक द्यायचा आणि जाणाऱ्याला जावक, हे त्यांचं काम. पण हे काम पाच वाजता कार्यालयात ठेवून घरी यावं, हे त्यांना कधी जमलं नाही. शिंप्यानं कुर्ता बिघडवला तर इतर लोक दुकानात जाऊन भांडतात. चाचा घरी येऊन कागद घ्यायचे आणि वर लिहायचे, "विषय : कुर्त्याच्या बाह्या दोन बोटं आखूड झाल्याबाबत. संदर्भ : आपल्या दुकानात समक्ष झालेली चर्चा." आठ दिवसांत बाह्या लांबल्या नाहीत की स्मरणपत्र क्रमांक एक. सोनारीचा त्यांचा एक दोस्त हुरड्याला बोलावतो म्हणाला आणि विसरला, तर त्याला पत्र गेलं की, "मागील हंगामात आपण दिलेल्या तोंडी आश्वासनाची पूर्तता अद्याप झाल्याचे दिसून येत नाही." तो बिचारा दुसऱ्याच दिवशी कोवळ्या कणसांचं पोतं मोटारसायकलवर बांधून दारात हजर. "चाचा, पाया पडतो, पर असलं कागद घरी धाडू नका. म्हातारीला वाटलं जप्ती आली."

आणि गंमत अशी की त्यांची स्मरणपत्रं चालायची. लोक हसायचे आणि काम करून टाकायचे. गल्लीतल्या नळाला पाणी आलं ते तिसऱ्या स्मरणपत्रानं. मी त्यांचा शब्दकोश नेऊन चार महिने परत केला नव्हता, तर माझ्याही नावानं एक आलं. वर दुसऱ्या प्रतीवर माझी सही घेतली, कारण पोच घेतल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटत नसे. चाची तर म्हणायच्या की त्यांचं लग्नही असंच झालं. "आमचे अब्बा हो बी म्हणेनात, न्हाय बी म्हणेनात. यांनी दोन कार्डं धाडली, 'सदर विषयी निर्णय कळवावा' म्हणून. तिसरं येऊ नये म्हणून अब्बांनी हो म्हटलं." त्यावर चाचा शांतपणे म्हणायचे, "उशिरा का हुईना, उत्तर आलं ना?" ज्या माणसाला बायकोसुद्धा पाठपुराव्यानं मिळाली, त्याचा या मार्गावरचा विश्वास कोण हलवणार?

लहानपणी पोलिओ झाल्यानं चाचांचा उजवा पाय बारीक आणि आखूड राहिला. जाड तळव्याचा बूट आणि मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर, एवढ्या सरंजामावर त्यांनी परंडा तालुक्यातलं एकेक गाव पालथं घातलं. खरं तर गावोगाव जाऊन पाहणी करणं हे काही आवक-जावकवाल्याचं काम नव्हे. पण ज्यांचं होतं त्यांना ऊन लागायचं, लग्नं असायची, कंबर धरायची, मग साहेब म्हणायचे, "चाचा, तेवढं बघून या." ओढ्याला पाणी असलं तर चाचा स्कूटर अलीकडं लावायचे आणि काठी टेकत पलीकडं जायचे. गावातली पोरं "चारचाकी आली, चारचाकी आली" म्हणून मागं धावायची. चाचांना त्याचा राग नव्हता. "लिपिकाला चारचाकी शासन देत न्हाय," ते म्हणायचे, "पोरांनी दिली."

निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना बढतीची यादी आली. ती चाचांच्याच टेबलावर आली, कारण कार्यालयातला प्रत्येक कागद तिथूनच आत जायचा. त्यांनी आधी तिला आवक क्रमांक दिला, शिक्का मारला, तारीख घातली आणि मग वाचली. त्यांचं नाव नव्हतं. ज्याला त्यांनी हाताला धरून टिपणी लिहायला शिकवली होती, तो त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी कनिष्ठ माणूस वर गेला होता. यादीसोबत जोडलेल्या टिपणीत चाचांच्या नावापुढं शेरा होता, "शारीरिक स्थिती पाहता क्षेत्रीय कामास सोयीचे नाहीत." तो कागद चाचांनी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि घरी आले. चाची सांगतात, त्या दिवशी त्यांनी बूट काढला नाही. तसेच खाटेवर बसून राहिले.

मला कळलं तेव्हा माझं डोकं भडकलं. मी तेव्हा परंड्यातच एका खासगी शाळेत शिकवत होते. आमच्या घरात माळ्यावर, पलंगाखाली, पिठाच्या डब्यामागं माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, चळवळीची पत्रकं असत. अक्षरं मी त्यांच्यावरच जुळवायला शिकले. 'अन्याय' हा शब्द मला 'आई'नंतर लगेच लिहिता आला असावा. मी चाचांना म्हटलं, "हा सरळ सरळ भेदभाव आहे. आपण लढायचं." चाचा म्हणाले, "लढायचं कशाला बेटा? निवेदन देऊ." निवेदन दिलं. दीड महिन्यात दोन ओळींचं उत्तर आलं की आपली विनंती मान्य करता येत नाही. मला वाटलं आता हे खचणार. चाचांनी कागद उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "सही साहेबांची न्हाय. 'करिता' हाय, दुसऱ्यानं केलेली. आन् पहिल्या झटक्यात सरकार कधी हो म्हणतं का? स्मरणपत्र टाकू."

पुढं वर्षभर हेच चाललं. रविवारी सकाळी चाचा आमच्या ओसरीवर येऊन बसायचे आणि मी लॅपटॉप उघडायचे. मी लिहायचे, "या निर्लज्ज, मानवताशून्य आणि संविधानविरोधी शेऱ्याचा धिक्कार." चाचा म्हणायचे, "विशेषणं काढ."

"चाचा, एक तरी राहू द्या."

"सरकारला विशेषणं पचत न्हायत. 'उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर' लिही."

"सविनय कशाला? गुन्हा त्यांनी केलाय."

"म्हणून तर. विनय आपल्याकडं हाय, हे त्यांना दिसू दे."

चाची आतून ओरडायच्या, "लिहा लिहा! आमचे अब्बा न्हायत तिथं बसलेले, घाबरून हो म्हणायला!" आम्ही दोघं हसायचो. अशी अकरा स्मरणपत्रं गेली. चाचांचा जन्मभराचा अनुभव होता की स्मरणपत्र जात राहिलं की प्रकरण जिवंत राहतं, कुणी ते बंद करू शकत नाही. त्यांच्या कार्यालयातला प्रत्येक माणूस हेच मानत होता. मीही मानलं. सरकारी नोकराला अशी तक्रार कुठं करता येते आणि किती दिवसांत, हे शोधायला मला एक दुपार पुरली असती. ती दुपार मी काढली नाही. विशेषणांसाठी भांडण्यात माझे सगळे रविवार गेले.

शेवटी अप्पांनीच हटकलं. "नुसती पत्रं काय धाडताय? वकिलाला दाखवा." मग मी आणि चाचा पहाटेच्या एसटीनं संभाजीनगरला गेलो. सरकारी नोकरांच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण तिथं बसतं. वकीलबाई कामसू होत्या. त्यांनी अकराही स्मरणपत्रं बाजूला सारली आणि ते दोन ओळींचं नामंजुरीचं पत्र तेवढं उचललं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बोटं मोजली.

"काका, एका वर्षाची मुदत असते. बेचाळीस दिवस वर झालेत."

"मुदत कशी संपंल?" चाचा म्हणाले. "मागल्या म्हैन्यातच अकरावं गेलंय. प्रकरण चालू हाय की."

"मुदत नामंजुरीच्या पत्रापासून मोजतात. स्मरणपत्रांनी ती वाढत नाही. एक पाठवा नाहीतर शंभर पाठवा."

"समद्यांच्या पोच हायत, बाई."

"हो, पोच आहेत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज जरा खाली आला. मग त्यांनी समजावून सांगितलं, उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, फक्त कारण सबळ लागतं. "पायाचा त्रास वाढला असेल ना या वर्षात? हिंडणं-फिरणं अवघड झालं असेल? डॉक्टरांचा कागद असेल तर बघू."

"न्हाय वाढला."

"थोडाफार?"

चाचांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "बाई, त्यांनी लिहिलं, पायामुळं मला फिरता येत न्हाय. म्या म्हणतो, येतं. आता तुमी म्हणता, पायामुळं फिरता आलं न्हाय असं मीच लिहून देऊ. मग भांडण कशाचं राहिलं?"

मला तिथल्या तिथं टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. परतीच्या गाडीत मी त्यांना म्हणालेही, "चाचा, तुम्ही आज जिंकलात." ते खिडकीबाहेर बघत होते. आज ते वाक्य आठवलं की मला माझीच लाज वाटते. टाळ्या वाजवणाऱ्याचं काही जात नसतं. हरण्याचा धोका त्यांनी पत्करला होता आणि त्यातल्या शौर्याची चव मी घेत होते. त्यांनी अर्जात खरं होतं ते लिहिलं: नियमाची माहिती नव्हती, पाठपुरावा चालू असल्यानं प्रकरण चालू आहे अशी प्रामाणिक समजूत होती. निवेदनाला उत्तर कधी द्यायचं याचा धाक सरकारमध्ये कुणाला नसतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं मात्र बोटं मोजत बसायचं. मी हे पत्रकात लिहिलं असतं तर लोकांनी माना डोलावल्या असत्या. पण चाचांना माना डोलावणारे नको होते, कुणीतरी आधी सांगणारं हवं होतं.

निकाल आला तेव्हा निवृत्तीला दोन महिने उरले होते. दीड पानाचा कागद. उशिराचं कारण पुरेसं नाही, म्हणून मूळ मुद्द्यात न जाता अर्ज निकाली काढण्यात येतो. चाचांनी तो ओसरीवर बसून दोनदा वाचला.

"मूळ मुद्द्यात गेलेच न्हाईत?"

"नाही, चाचा."

"म्हंजे पायाचं जे लिहिलंय, ते बरोबर का चूक, कुणी बोललंच न्हाय?"

"नाही."

चाचांनी कागदाची नीट घडी घातली. बढती आता मिळूनही किती दिवसांची होती? त्यांना तेवढंच हवं होतं, की तो शेरा चुकीचा होता असं कुणीतरी एका कागदावर म्हणावं. मला राहवलं नाही. "मी वाचलंय ना सगळं. मला माहीत आहे ते चूक होतं."

"तू न्हाय बेटा," चाचा फार मायेनं म्हणाले. "तू तर आपली."

निरोप समारंभ कार्यालयातच झाला. सतरंजी, हार, नारळ, शाल, भजी. चाची नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी मी, माझ्या पलीकडं चाचांची खुर्ची. साहेब नवे होते, शेरा त्यांनी लिहिलेला नव्हता; भला माणूस. भाषणाला ते उभे राहिले. ते म्हणाले, "पायाची अडचण सांगून चाचांनी एकही गाव कधी टाळलं नाही. या कार्यालयात यांच्याइतका तालुका कुणी फिरलेलं नाही." टाळ्या पडल्या. चाचा खुर्चीतून माझ्याकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "हे लेखी मिळंल का, विचार बरं."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. मी उभी राहिले आणि भरल्या सभेत म्हणाले, "साहेब, तुम्ही आत्ता बोललात ते चाचांना लिहून द्याल का?"

साहेबांना वाटलं, मी गमतीनं म्हणतेय. ते मोठ्यानं हसले, "अहो, आता कशाला लागतोय कागद!" मग सगळे हसले. चाचाही हसले, अगदी सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून. चाची तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठल्या, चाचांच्या गळ्यात तिरपा झालेला हार त्यांनी दोन्ही हातांनी सरळ केला आणि म्हणाल्या, "चला, घरी."